सगळी गावं येऊ दे

...नाही, पण मला एक सांगा, माणूस बाकावर धापा टाकतोय आणि यंत्र काय शोधतंय? तर त्याचं गाव! तुम्हाला सांगतो, मी हळू बोलणारा, शाळा चौथीपर्यंत, पण त्या दिवशी... मोठा दवाखाना, नवाकोरा कॉम्प्युटर, आणि नियम काय, तर केसपेपर त्यातूनच निघणार, त्याशिवाय डॉक्टर नाहीत! खिडकीत नीरजा नावाची मुलगी. तिनं सावित्रीचं, म्हणजे आमच्या मंडळींचं, नाव घेतलं, वय घेतलं, आणि गावापाशी हात थांबला. म्हटलं, "गाव कट्टा." तर म्हणाली, "आजोबा, गाव लिहायचं नसतं, यादीतून निवडायचं असतं. थांबा, यादी येतेय."

येतेय म्हणजे कुठून? अख्ख्या महाराष्ट्रातून! जळगावची गावं, गडचिरोलीची गावं, सगळी येऊन बसल्याशिवाय एकही दिसायचं नाही. पडदा काळा, कोपऱ्यात हिरवा ठिपका डोळे मिचकावतोय...

इकडे बाकावर शेजारी बसलेली आनंदीबाई सावित्रीला विचारते, "खंयची गो तू?" "कट्ट्याची." "वाडी खंयची?" "वरची." "कोणाच्या घरातली?" सावित्रीनं धापा टाकत घर सांगितलं. "अगो, मगे माझी मावस तुमच्याच शेजाराक!" झालं! आपल्याकडे असंच नाही का विचारत? आधी गाव, मग वाडी, मग घर. मध्येच जळगाव येतं कुठे?

यादी आली. नीरजा बाण दाबत खाली, खाली... आणि बोट घसरलं, पुढचं गाव लागलं! मागं फिरली तर पडदा पुन्हा काळा. "थांबा आजोबा, यादी येतेय." म्हटलं, बाय, आलेली यादी गेली कुठे? रडवेली झाली बिचारी. "काय करू, ह्या चौकटीत पाय ठेवला की सगळी पहिल्यापासून आणतं. आधी तालुका विचारून तेवढीच गावं आणली असती तर चुटकीसरशी... पण हा प्रोग्राम करणाऱ्या मुंबईवाल्यांनी सगळी एकदम ओतलीत."

डॉक्टरांच्या दाराशी लवू शिपाई. मी हात जोडले. "काका, कागदाशिवाय सोडलंय तर माझी नोकरी जायत." मी बाकापाशी परतलो आणि तिथूनच खिडकीतल्या नीरजावर आवाज चढवला. जन्मात पहिल्यांदा! तर सावित्रीच माझी बाही ओढते, "त्या चेडवाक रागावा नकात... लेकीसारख्या आसा."

मी शेजारी टेकलो, तशी तिनं मान माझ्या खांद्यावर टाकली. मला वाटलं, डोळा लागला. यादी येतेय, तोवर पडू दे जरा... आनंदीबाईनं हात लावून बघितला आणि किंचाळली.

मग डॉक्टर आले हो! कागदाशिवाय, धावत! नाडी बघितली, चष्मा काढला.

तिला घरी न्यायची, तर त्यालाही कागद. नीरजा डोळे पुसत नवा फॉर्म उघडते, नाव घालते, आणि पडदा काळा. माझ्याकडे बघवेना तिला.

मीच म्हटलं, "रडा नको गो बाय. आता कसली घाई? येऊ दे सावकाश... सगळी गावं येऊ दे."