दुसरी सही

ग्रिसेल्दा : अडतीस दिवस, विल्मार. मोजून अडतीस. तीन दिवसांत नदी या गल्लीत शिरणार, आणि तू आईच्या स्वयंपाकघरात बसून नळीने निवांत माते चहा ओढतोयस.

विल्मार : रविवार आहे. रविवारी मी आईकडेच असतो. तुला ठाऊक आहे, म्हणून तर बरोबर इथेच आलीस.

इर्मा : मीही घरात आहे हं, कुणाच्या लक्षात असेल तर. आत ये, सूनबाई. घटस्फोट तुम्ही घेतलात, मी नाही घेतला. भुरभुर लागलीय म्हणून तोर्ता फ्रिताच्या पुऱ्या तळायला घेतल्यात. बस.

ग्रिसेल्दा : नको, आई. मी खायला नाही आले. तुमच्या मुलाची सही घ्यायला आलेय.

इर्मा : आता कसली सही? सगळे कागद तर वकिलाकडे झाले.

विल्मार : ते कागद नाहीत. कामालोते. आमचा पुराचा अंदाज काढणारा कॉम्प्युटर प्रोग्राम.

इर्मा : तो होय. मला वाटलं, टीव्हीबरोबर तोही वाटणीत गेला.

ग्रिसेल्दा : त्याची वाटणी होत नाही. तो कुणाच्या मालकीचाच नाही. जगाला खुला आहे. कुणीही वाचावा, कुणीही फुकट वापरावा, कुणीही दुरुस्ती पाठवावी. फक्त दुरुस्ती आत घ्यायची तर लिहिणाऱ्याने स्वतः सही करायची नाही, दुसऱ्याने वाचून करायची. आणि सहीचा हक्क आहे फक्त आम्हा दोघांना.

विल्मार : नियम तुझाच.

ग्रिसेल्दा : माझाच. कुलूपही मीच घातलं. तेव्हा मला नवरा होता, अक्कल नव्हती.

इर्मा : मग करून टाक की रे सही. मनगट दुखतंय का?

विल्मार : तिच्या लिखाणात त्रुटी आहेत. मी शेरे दिलेत.

ग्रिसेल्दा : शेरे. सांगते तुम्हाला काय शेरे आहेत ते. साठ ओळी पाठवल्या मी. हा लिहितो, ‘इथे एक जागा जास्त सुटली आहे.’ मी ती काढली. आठ दिवसांनी लिहितो, ‘हे नाव फार लांब आहे.’ तेही बदललं. मग ‘हा कंस पुढच्या ओळीवर हवा.’ तेवीस शेरे, आई. आणि हिशोब बरोबर आहे की चूक, यावर एक शब्द नाही.

विल्मार : नीटनेटकेपणा नको?

ग्रिसेल्दा : अकरा वर्षं तुझे मोजे पलंगाखालून मी काढलेत. नीटनेटकेपणा तू मला शिकवू नकोस.

विल्मार : झालं सुरू.

ग्रिसेल्दा : अख्खं जग वाचतंय ते. कोलंबियातल्या एका माणसाने काल खाली लिहिलं, ‘आई-बाबा, भांडू नका, आमचीही नदी चढतेय.’ लाज वाटली मला.

इर्मा : म्हणजे चारचौघांत धुणं काढलंत की. घरात काय कमी पडत होतं?

विल्मार : तिने काढलं. आई, तिला विचार, त्या दुरुस्तीला मथळा काय दिलाय.

ग्रिसेल्दा : खरा दिलाय.

विल्मार : वाच ना मग. वाच आईसमोर.

ग्रिसेल्दा : ‘बंदराच्या मोजणीतली विल्मारची चूक काढली.’

विल्मार : माझं नाव घालून. वीस देशांतली माणसं जिथे येतात तिथे. दुसऱ्या कुणाची चूक काढलीस तेव्हा कधी नाव घातलंस? त्या पोर्तुगीज माणसाने अख्खा पाऊस उलटा मोजला होता, तेव्हा लिहिलंस ‘लहानशी सुधारणा’. मला मात्र चावडीवर उभं केलंस. मथळा बदल, सही करतो. महिनाभर हेच सांगतोय.

ग्रिसेल्दा : महिनाभर तू कंसाबद्दल बोलतोयस. मथळ्याबद्दल आज पहिल्यांदा तोंड उघडलंस. आणि मी बदलणार नाही. तुझी चूक आहे, तुझ्याच नावाने राहील.

इर्मा : थांबा जरा. बंदराच्या मोजणीतली म्हणजे? बंदराची गल्ली तर ही. चूक कसली?

(विल्मार मातेची नळी तोंडातून काढतो, पुन्हा घालतो.)

ग्रिसेल्दा : सांग की. आईच विचारतेय.

विल्मार : धक्क्यावरचा जुना लाकडी खांब सप्टेंबरात काढला, आई. पाणी मोजायचा. नवा लोखंडी बसवला, तो चाळीस सेंटीमीटर वरून मोजायला लागतो. तेवढे मिळवायला हवे होते. मी वजा केले.

इर्मा : मग?

विल्मार : मग प्रोग्राम पाणी ऐंशी सेंटीमीटर कमी सांगत राहिला. नोव्हेंबरात.

इर्मा : नोव्हेंबरात.

ग्रिसेल्दा : नगरपालिकेने त्याच आकड्यांवर गाड्या पाठवल्या. नदीच्या वरच्या अंगाच्या दोन गल्ल्यांचा खांब वेगळा, त्या बरोबर वेळेवर हलवल्या. या गल्लीला म्हणाले, तुम्हाला धोका नाही.

इर्मा : ऐंशी सेंटीमीटर म्हणजे हे टेबल. सहा तास मी या टेबलावर बसले होते. सैन्याची होडी येईपर्यंत. तुझ्या बापाचा बँडोनियन बाजा मांडीवर घेऊन बसले, तरी खालून फुगला. सहा महिने मी नदीला शिव्या देतेय, आणि नदी बिचारी मुकाट ऐकून घेतेय.

विल्मार : आई.

इर्मा : आई म्हणू नकोस आत्ता. अडतीस दिवस तुला माहीत होतं. पाच रविवार इथे येऊन जेवून गेलास. मी त्या भिंतीवरची ओल दाखवत होते, आणि तू म्हणत होतास, ‘नदीपुढे कुणाचं चालतं.’

विल्मार : काय सांगणार होतो?

इर्मा : हेच, जे आत्ता सांगितलंस. त्याला किती शब्द लागले?

ग्रिसेल्दा : म्हणून हा सही करत नाही, आई. सही केली की कबूल केल्यासारखं होतं. स्वतःची अब्रू झाकायला ही सगळी गल्ली पुन्हा पाण्यात घालायला निघालाय. मी आज संध्याकाळपर्यंत वाट बघणार, मग अख्खा प्रोग्राम उचलून वेगळा काढणार आहे. एकटीचा. तुझ्या सहीशिवाय.

विल्मार : काढ. नगरपालिका दुसऱ्याची सही असलेलाच घेते. तूच त्यांना तसं लिहून दिलंस.

इर्मा : गप्प बसा दोघं. मला एक कळेना. तू म्हणालीस, लिहिणाऱ्याने स्वतः सही करायची नाही.

ग्रिसेल्दा : हो.

इर्मा : मग याने जे चुकीचं लिहिलं, त्यावर सही कुणी केली?

ग्रिसेल्दा : ते… तेव्हा आम्ही दोघंच होतो.

इर्मा : ते ठाऊक आहे मला. कुणी केली?

विल्मार : सोड, आई.

इर्मा : का सोडू? फोडायचंच आहे खापर, तर दोघांची डोकी पुढे करा.

ग्रिसेल्दा : नोंद असेल. काहीच पुसलं जात नाही तिथे. दे तो लॅपटॉप.

विल्मार : बघायची गरज नाही. मला पाठ आहे. चौदा सप्टेंबर, सकाळी नऊ वाजून आठ मिनिटांनी मी पाठवलं. तीनशे ओळी होत्या. नऊ बाराला तू सही केलीस. ‘छान आहे’ असं लिहिलंस.

इर्मा : चार मिनिटांत तीनशे ओळी? मला सुईत दोरा घालायला जास्त वेळ लागतो.

ग्रिसेल्दा : मी वाचलं नव्हतं.

विल्मार : नाही.

ग्रिसेल्दा : साडेनऊला मला एकटीला राहायला टेकडीवरची एक खोली बघायला जायचं होतं. वाचलं असतं तर काहीतरी विचारावं लागलं असतं. विचारलं असतं तर तू बोलला असतास. मला तुझ्याशी बोलायचं नव्हतं त्या सकाळी. बोलले असते तर गेलेच नसते.

विल्मार : मला कळलं होतं.

ग्रिसेल्दा : काय कळलं होतं?

विल्मार : नऊ वर्षांत तू माझी एक ओळ न वाचता सोडली नव्हतीस. स्वल्पविरामावरून भांडायचीस. त्या दिवशी चार मिनिटांत ‘छान आहे’. मी पडद्याकडे बघत बसलो. तेव्हाच समजलं, ही निघाली.

ग्रिसेल्दा : आणि हे तुला ठाऊक असून महिनाभर तू जगासमोर माझ्या शिव्या खाल्ल्यास? एका ओळीत तोंड बंद करता आलं असतं माझं.

विल्मार : लिहिलं होतं दोनदा. पाठवलं नाही. ते आपलं होतं, कोलंबियाचं नव्हतं.

ग्रिसेल्दा : मूर्ख आहेस तू. सरळ बोलायचं सोडून कंस मोजत बसलास. राग येतो मला तुझा, अजून येतो. आणि माझा स्वतःचा त्याहून येतोय, तो कुठे ठेवू ते कळत नाही.

इर्मा : तो ठेव बाजूला. नदी तुमच्यासाठी थांबलेली नाही. धक्क्याची तिसरी पायरी सकाळी पाण्याखाली गेली.

ग्रिसेल्दा : मथळा बदलते. ‘आमची चूक काढली.’ चालेल? मग कर सही. ते बटण दाब आणि संपव.

विल्मार : वाचल्याशिवाय नाही.

ग्रिसेल्दा : विल्मार.

विल्मार : साठ ओळी आहेत. इकडे खुर्ची घे. कंसाबद्दल बोलणार नाही.

ग्रिसेल्दा : हं. बोल.

विल्मार : इथपर्यंत बरोबर. हे बरोबर. एक्केचाळिसावी ओळ… इथे तू सगळ्याच आकड्यांत चाळीस मिळवतेयस.

ग्रिसेल्दा : मग? मिळवायचेच आहेत.

विल्मार : जुन्या खांबाच्या आकड्यांतही. ते तर मुळात बरोबर होते. आणि नव्या पुराचा अंदाज आपण जुन्या पुरांवरूनच काढतो.

ग्रिसेल्दा : दाखव. … हो. खरंय. अडतीस दिवसांत हे मला दिसलं नाही.

विल्मार : मलाही नाही. मी कंस आणि सुटलेल्या जागा मोजत होतो.

ग्रिसेल्दा : लिही मग. सप्टेंबरच्या आधीचे वगळ. नको, दे इकडे, मी लिहिते, तू वाच.

विल्मार : आई, तू कुठे निघालीस?

इर्मा : गाद्या माळ्यावर टाकते.

विल्मार : थांब, जिन्यावरून एकटी नको चढूस. आम्ही येतो.

इर्मा : अजिबात नको. तुम्ही दोघं वाचत बसा. न वाचलेलं मी एकदा भोगलंय.