कोपऱ्यातली गारंबीची बी

छप्पन साली आमच्या कीर्तनकार बुवांसाठी खोकल्याचं औषध आणायला चांद्याच्या दवाखान्यात गेलो होतो. ओसरीत शेजारी दोघे भाऊ बसले होते. थोरल्या वारलूचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, धाकट्या झिंगूच्या मुठीत गारंबीची चपटी बी; ओळीत उभ्या केलेल्या बिया अशीच बी घसरवून पाडायचा खेळ त्यांच्याकडे चालतो.

"नीट आयक झिंगू. बाकीच्या बिया पडल्या अन् उजव्या कोपऱ्यातली एकटीच उभी राह्यली, तं तू डावीकडं सरक. तिथून तिरपी घसरव."

"समोरून काऊन नाई?"

"समोरून जराशी चुकली का बाजूनं निघून जाते. तिरपीले जागा भेटते."

"मले नाई शिकाचं. कोपरा तुहाच हाय."

"अस्वलानं फाडला तवाच गेला हा हात. आज डाक्टर कापून राह्यला."

"मंग डाव्यानं खेळजो."

"डाव्यानं मी भातबी सांडवतो, येड्या. मंडईच्या जत्रेत आपल्या गावाची शेवटची बी आता तुलेच पाडा लागन."

"चुकली तं लोक हासतीन."

"मलेबी हासले होते."

आतून कंपाउंडरनं पुकारलं, "वारलू कोन हाय?"

"चाल झिंगू. हात धर माहा."

"कोनता?"

"उजवा."

"दुखन ना तुले."

"दुखू दे. डावा तं उद्याबी हाय."