आरसाच तर चिकटवायचाय!

...आणि वर मलाच सांगतात, "तुळशीराम, एवढं काय तोंड पाडून बसलायस, आरसाच तर चिकटवायचाय!" आरसाच तर! तुम्हाला सांगतो, ज्यानं ज्यानं हे वाक्य माझ्या तोंडावर फेकलं ना, त्याच्या गाडीचा आरसा त्याच्या मांडीवर पडो! आणि तोही अंजूरफाट्याच्या खड्ड्यात, पुढं कंटेनर, मागं कंटेनर, आणि हॉर्न असे की जसं काय भिवंडीचं ट्रॅफिक मीच तुंबवून ठेवलंय! माझा तसाच पडला. धप्पकन! पुढच्या काचेला आतून एक लोखंडी बटन चिकटवलेलं असतं, त्याच्यात तो आरसा अडकतो. ते बटनच सुटलं. का सुटलं? तर म्हणे ऊन! अरे, उन्हानं माणसं सुटत न्हाईत, बटन कसं सुटतं?

आता तुम्ही म्हणाल, बाजूचे दोन आरसे हायत की, चालव. चालवली असती हो! राहनाळला गोदामात सुपरवायझर मी, घरातून निघालो की गोदाम, गोदामातून निघालो की घर, मला मागचं बघून काय करायचंय? पण शनिवारी पूर्वाला विमानतळावर सोडायचं होतं. पूर्वा म्हणजे माझी मुलगी. एकुलती एक. नर्स हाय. जर्मनीला निघालेली, नोकरीला. अख्खं राहनाळ घरी येऊन पेढे खातंय, "नशीब काढलंस रे!" म्हणतंय, आणि मी हसतोय. बापानं अशा वेळी कसं हसायचं असतं ठाऊक हाय ना? दात दाखवून. तसं.

आणि गाडीत पुढच्या सीटवर कोण? तर माझी आई, रंगूबाई. का? तर "मला मागं बसलं की मळमळतं रं बाबा!" म्हणजे पोरगी मागं. म्हणजे एवढा विमानतळापर्यंतचा रस्ता, पोरगी माझ्या पाठीमागं, आणि माझ्याकडं आरसा न्हाय! मान वळवून बघू? भिवंडी बायपासला? सगळेच वर जाऊ, तिकिटाशिवाय!

तर आला आमचा भावेश. बायकोचा भाऊ. प्रत्येक घरात एक असा असतोच, ज्याला सगळं येतं. "भावजी, त्यात काय, आरसाच तर चिकटवायचाय!" खिशातून झटपट डिंकाची ट्यूब काढली, दातानं टोपण उघडलं, बटनाला लावला, बटन काचेला दाबलं... आणि अंगठाही तिथंच चिकटला! निघेना! "भावजी, ओढू नका! ओढू नका!" मी कशाला ओढतोय? आमची सुवर्णा खोबरेल तेल घेऊन धावली, "अहो, हळू, लागेल त्याला!" लागेल त्याला! अंगठा सुटला, पण बटन बघतो तर उलटं! आरसा अडकतच न्हाय! आणि हे महाशय अंगठ्यावर फुंकर मारत काय म्हणतात? "काच कंपनीनंच चुकीची बसवलीय."

मग गेलो नाक्यावर काचवाल्याकडं. त्यानं न बघताच हात हलवला, "अरे चाचा, शीशा ही तो चिपकाना है, दो मिनट का काम!" इथंही तेच! पत्तीनं उलटं बटन खरवडलं, सुलटं लावलं, आरसा अडकवला, वर थाप मारून म्हणतो, "अब बम फटेगा तो भी नहीं गिरेगा." बॉम्ब कशाला फुटायला पाहिजे? पहिल्याच स्पीडब्रेकरला आला मांडीवर! परत गेलो तर म्हणतो, "आपने ब्रेकर पे चढ़ाई क्यों?" मग काय उचलून न्यायची होती गाडी?

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी म्हटलं, मरो सगळे, मीच करतो. काचेचा खास डिंक आणला, पाकिटावरचं वाचलं. काच खरवड, पूस, वाळू दे, बटन लाव आणि दाबून धर, हलवू नको. धरलं. हात वर, मान वर, खांद्याला मुंग्या, घाम डोळ्यात... आणि तेवढ्यात मागचा दरवाजा उघडला. पूर्वा येऊन बसली. एकटी.

"बाबा..."

"बोलू नको, हात हलेल."

"बाबा, मला जरा बोलायचं होतं."

"थांब गं, हे सुकू दे आधी."

बसली. तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांसमोर ते बटन, आणि पाठीमागं तिचा श्वास ऐकू येतोय. जरा वेळानं म्हणाली, "किती वेळ लागेल?" मी म्हटलं, "आता एवढा आरसाच तर चिकटवायचाय!" मी म्हटलं! माझ्या तोंडानं! ती "बरं" म्हणाली, दार लावलं, गेली. आतून आजीनं हाक मारली, मावश्या आल्या, बॅगा भरायच्या होत्या... मग कुठली सापडतेय ती!

पण आरसा बसला. असा बसला की काय सांगू! शनिवारी सकाळी निघालो. पुढं आई, मागं एका बाजूला सुवर्णा, दुसऱ्या बाजूला बॅगा आणि मधोमध पूर्वा. मी आरसा नीट फिरवला, बघितलं... पोरगी झोपलेली! सुवर्णाच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड अर्धं उघडं. रात्रभर बॅगा भरत होती बिचारी. थेट विमानतळ येईपर्यंत झोपली! मी खाकरलो, हॉर्न वाजवला, रेडिओ लावला, तर आमची आई ओरडते, "बंद कर तो, पोरीला निजू दे!"

आत जाताना पाया पडली. मी विचारलं, "काल काय सांगणार होतीस गं?"

"काही न्हाय बाबा. फोनवर बोलू."

फोन येतो. रोज येतो. जेवलास का, आजीचे गुडघे कसे हायत, इथं थंडी हाय, पगार झाला. ते शुक्रवारचं न्हाय निघत. मीही विचारत न्हाय. फोनवर काय विचारायचं?

आणि आरसा? त्याच्यात आता बरोब्बर मागच्या सीटची मधली जागा दिसते. फिरवला तरी माझी नजर फिरून तिथंच. सुवर्णा ओरडते, "अहो, जरा खड्डे चुकवा की!" कशाला चुकवू? भिवंडीतला एक खड्डा सोडत न्हाय मी हल्ली. सगळ्यांतून घालतो, जोरात घालतो...

पडतच न्हाय हो!