चिखल चढला तेव्हा

मी दोंडाईच्याचा, आमच्या घरात पिढीजात विहिरी खोदायचं काम, आजानं खोदल्या, बापानं खोदल्या, मीही सुरुंग लावून काळा पाषाणच फोडत आलो. आमच्यात एक रीत होती. पाणी लागलं की खोदणाऱ्यानं शब्द काढायचा नाही, गुपचूप वर यायचं, नारळ फोडायचा, मगच पाणी म्हणायचं. आधी बोललं की झरा बुजतो म्हणे. ही रीत माझ्या हाडात मुरलेली, तिथंच घोळ झाला बघा.

सन साठ-पासष्टच्या सुमाराला गुजरातेत तेलासाठी बोअर मारायला माणसं पाहिजे होती. मी निघालो, तर मेहुणा निंबा म्हणे मीही येतो, तोही आमच्यासारखा विहिरीवालाच. बायको म्हणाली, न्या, पण जसा नेता तसा आणून द्या, माले एकच भाऊ शे. बसलो सुरतेच्या गाडीत.

तिथं काय सांगू तुम्हाला, बठ्ठा कारभारच उलटा. बोअरवरचा साहेब भला माणूस, त्यानं समजावलं, की कोट्यवधी वर्षांमागं इथं समुद्र होता, त्यातले बारीक जीव मरून गाळात गाडले गेले, वर थरावर थर बसले, दाबानं अन् उष्णतेनं त्यांचं तेल झालं. मी म्हटलं, म्हणजे खाली तेलाचा हौद शे का? तो म्हणे नाही रे, सरकीत तेल असतं तसं दगडात मुरलेलं, अन् सोबत दाबून बसलेला वायू. तो उसळू नये म्हणून भोकात जड चिखल फिरवायचा, खाली जातो, वर येतो, हौदात पडतो. माझं काम हौदावरची खूण बघायचं. खूण बुडाली की बोंब मार, खालून काहीतरी घुसतंय समज.

सांगितलं होतं, भाऊ, नीट सांगितलं होतं.

एका दुपारी निंबा लोखंडी मनोऱ्यावर, पार टोकाला, नळ्या लावत होता, अन् इकडे खूण बुडाली. मला वाटलं, लागलं, तेल लागलं, छाती भरून आली आणि तोंड आपोआप मिटलं. मी ओरडलो नाही. गुपचूप तंबूत गेलो, देवापुढचा नारळ उचलला. परत येतो तर जमीन थरथरतेय, हौद उतू चाललाय, भोकातून चिखल उसळून मनोऱ्याच्या टोकापर्यंत, वायूच्या भपक्यानं डोळे उघडेनात. मग ओरडलो, हातात नारळ तसाच. साहेब इंजिनं बंद करा म्हणत धावला, एक ठिणगी पडती तर आम्ही बठ्ठे राख. चौघं भोकाचं तोंड आवळायचं चाक फिरवत होते, ते फिरता फिरेना. निंबा काही दिसत नव्हता. मी नुसता त्याचं नाव घेत होतो, डोळ्यांपुढं बायको. मग तो टोकापासून जमिनीपर्यंत ताणलेल्या सुटकेच्या तारेवरून घसरत खाली आला, दोन्ही तळहातांची सालटी निघालेली.

भोक आवळलं, आणखी जड चिखल घातला, संध्याकाळपर्यंत शांत झालं. साहेब म्हणे, ओरडला का नाहीस? मी नारळ पुढं केला. त्याला काय कळणार. निंबाला कळलं. तो एवढंच म्हणाला, दाजी, अक्काले सांगू नका.

नाही सांगितलं. हातातून दोर निसटला म्हणालो. अजूनही भाऊबीजेला ती त्याचे तळहात उलटे करून बघते, मग माझ्याकडं बघते, विचारत नाही.

आत भांडी वाजायची थांबलीत, म्हणजे ऐकतेय. ऐकू दे, मी म्हातारा झालो आता. ती बाहेर आली तर तुम्ही उठू नका, भाऊ, बसून राहा थोडं.