लाल झाकणाचा कॅन

जबाब देणार: वरिष्ठ तंत्रज्ञ, डायलिसिस विभाग. वय ५१ वर्षे, व्यवसाय नोकरी, राहणार रुग्णालयामागील कर्मचारी निवास, खोली क्रमांक ७.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, मी बावीस वर्षे डायलिसिसची मशीन चालवतो. रक्त धुण्याच्या द्रावणात पोटॅशियम किती हवे, ते रुग्ण पाहून निवडायचे असते. ठरलेल्या दिवशी येणाऱ्या आमच्या जुन्या रुग्णांचे पोटॅशियम वाढलेले असते, म्हणून त्यांना लाल झाकणाचा, कमी पोटॅशियमचा कॅन लागतो. रोज सकाळी सात वाजता, कोणी येण्याआधीच, मी सहाही मशीनना लाल कॅन लावून ठेवतो. वीस मिनिटे वाचतात. ही पद्धत मीच पाडली आहे.

मंगळवारी आठ वाजता नवीन रुग्ण आली. वय ३४, शिवणकाम करणारी. पाच दिवस जुलाब-उलट्या होऊन मूत्रपिंडे अचानक बंद पडली होती. दोन-तीन वेळा डायलिसिस केले की ती पुन्हा चालू होतील, असे डॉक्टरांनी तिच्या वडिलांना माझ्यासमोर सांगितले होते. जुलाबांमुळे तिचे पोटॅशियम आधीच कमी होते. तिला निळ्या झाकणाचा, जास्त पोटॅशियमचा कॅन हवा होता. तो भांडारात होता.

ती मला म्हणाली, “दादा, लवकर सोडा हं. एका नवरीचे ब्लाउज अडकलेत माझ्याकडे.”

मी म्हणालो, “तीन तास निवांत झोपा. नवरी कुठे पळून जात नाही.” ती हसली.

इतक्यात शेजारच्या मशीनचा गजर वाजला. तो बंद करून आलो आणि हाताच्या सवयीने तिला जोडून टाकले. वेळ ८.४०. कॅन लालच होता.

त्यामुळे तिचे पोटॅशियम आणखी उतरले आणि १०.१० वाजता तिच्या हृदयाचे ठोके बिघडले. डॉक्टर येईपर्यंत व नंतरही मी छाती दाबत होतो. १०.५५ वाजता डॉक्टरांनी मृत घोषित केले.

बुधवारी विभागप्रमुख मला म्हणाले, “सिस्टरनं रिपोर्ट सांगितलाच नाही, असं लिही. ती तात्पुरती आहे, तिचं काय जातंय?” मी तसा खुलासा लिहून दिला. तो खोटा आहे. सिस्टर सव्वाआठ वाजता म्हणाली होती, “काका, हिचं पोटॅशियम कमी आहे, निळा लावा.” मी म्हणालो होतो, “तू शाळेत होतीस तेव्हापासून हेच करतोय मी.” तिला कामावरून काढल्याचे मला आज सकाळी कळले. मला माझी लाज वाटते.

मी छाती दाबत असताना रुग्णाच्या वडिलांनी काचेतून पाहिले होते. मी बाहेर आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, “साहेब, तुम्ही जिवाचं रान केलंत. तुमचे उपकार विसरणार नाही.” मी फक्त मान हलवली. त्यांचा आजही तोच समज आहे. तो दूर करावा, ही विनंती.

हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे. यातले काही कमी करायचे नाही.