जुनी हवा

सिलिंडरवरची हवा भरल्याची तारीख मी दोनदा वाचतो म्हणून हसता ना? मग ऐका. बुडालेल्यांना शोधणारी आमची टोळी तुंगार्लीच्या तळ्यावर सरावाला गेली होती. आमचे म्होरके आबा बुडी मारायला पाठीवर हवेचा लोखंडी सिलिंडर बांधत होते. तो भरल्यापासून दोन वर्षं तसाच कोपऱ्यात पडून होता. आत ओल राहिली तर गंज धरतो आणि गंज हवेतला प्राणवायू खातो, हे मला हवा भरणाऱ्यानं सांगितलं होतं. पण नववीत शाळा सोडलेला मी आबांना काय शिकवणार? तरी बोललो.

"आबा, ह्यातली हवा जुनी हाय."

"काटा फुल्ल दावतोय. हवा नासायला ते काय दूध हाय व्हय?"

सगळे हसले.

"मग बंद पडल्याली विहीर उपसायला उतरताना तुमी आधी कंदील का सोडता?"

आबा थांबले. त्यांनी घागरीत त्या सिलिंडरची हवा भरली आणि दोऱ्याला बांधलेली पेटती मेणबत्ती आत सोडली. विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली.

आबांनी सिलिंडर खाली ठेवला.

"तू बोलत जा रं," ते म्हणाले. "कोंडून ठिवलं की हवा बी जीव घेती."