खुर्च्यांचं भांडण

बाळांनो, नगरपालिकेतला एक लांब बाक डोळ्यांपुढे आणा. त्यावर एक मुलगी आईची वाट बघत बसली आहे. शेजारी एक हॉटेलवाल्या बाई आहेत आणि त्यांच्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त पोस्टमन. बाईंना दारूच्या परवान्यासाठी नगरपालिकेचा ना-हरकत दाखला हवाय, पोस्टमननी हरकत घेतलीय, आणि आज निकाल आहे.

“काका, तुम्ही कधी दारूला नावं ठेवली नाहीत. मग हरकत कशाला?”

“दारूचं काही नाही हो. हॉटेल बंद करताना तुमची पोरं खुर्च्या फरफटवतात. आमच्या हिची झोप उडते ती उडतेच.”

“एवढंच? मग सांगायचं नाही का?”

“सहा महिने जिन्यात खाकरतोय की!”

“अगंबाई! मला वाटलं, खोकला झालाय. म्हणून तर रोज गरम सूप पाठवत होते.”

“सूप झकास असायचं. म्हणून तर तोंडावर बोलवेना.”

“आजच खुर्च्यांच्या पायांना रबर बसवते. मग तर झालं?”

“झालं. हरकत मागे घेतो. पण लेखी द्यावं लागेल, आणि चष्मा घरी राहिलाय.”

“मी कशी लिहू? अर्ज माझाच!”

मुलीनं दप्तरातून वही काढली, मधलं पान अलगद सोडवलं आणि पेनाचं टोपण उघडलं.

“सांगा आजोबा. आधी रबराचं लिहू ना?”